गैरहजराची जागा

रविवार, १४ डिसेंबर
दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं खापर दवाखान्यावर फोडते. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी यंदा गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना कवळ्या बसवायचं मनावर घेतलंय आणि त्या घासून बेताच्या करायचं काम माझ्या गळ्यात. आई म्हणते, एवढी हसरी माणसं दुसऱ्या कुणाच्या टेबलावर नसतील.

आईने तुझा स्वेटर पुन्हा उसवला. बाही लांब झाली म्हणे. एवढ्या वर्षांत तुझे हात वाढलेत की आखडलेत, हे तिला कोण सांगणार?

सहली झाल्या का विचारलंस. झाल्या तर! बाबांच्या राज्यात सहल चुकली तर आभाळ कोसळेल. जानेवारीत तळ्यावर पक्षी बघायला गेलो. बाबा दुर्बीण लावून एकेकाची ओळख करून देत होते आणि आईला सगळी बदकंच दिसत होती. मग नेहमीप्रमाणे तिकाटण्यावर कॅमेरा, गळ्यात शाळेतली शिट्टी, आणि आम्ही दोघी रांगेत. मध्ये आई, उजवीकडे मी, डावीकडे तुझी मोकळी जागा. निवृत्त झाले तरी कवायतीच्या सरांचा कायदा तोच: गैरहजराची जागा सोडायची, रांग सरकू द्यायची नाही. तुला गोवर आला होता तेव्हा याची सुरुवात झाली, आठवतं? घरी आल्यावर फोटोतल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून ते म्हणाले होते, "हा बघ तू." आणि तू लगेच रडायचा थांबलास.

मे महिन्यात धरणावर होडीत बसायला गेलो. तिथे बाबांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि पळत येऊन उभं राहायचंच विसरले. कॅमेऱ्याशेजारी उभे राहून आमच्याकडे कौतुकाने बघत बसले. खटका पडला तशी आई ओरडली, "अहो, तुम्ही कुठे?" तर म्हणाले, "मी इथेच आहे की!" आम्ही पोट धरून हसलो. मागे 'बाबा विसरभोळे झाले' असं लिहून तो फोटो मी तुला पाठवला होता.

आता तुझा प्रश्न. नंतरच्या फोटोंत तू का नाहीस, आणि आईच्या दोन्ही बाजूंना जागा का सोडली आहे, असं विचारलंयस. वर लिहिलंयस, "शेपटे, बाबांवर रुसलीस का?"

रुसले नाही रे. हल्ली फोटो मी काढते.

पावसाळा संपल्यावर टेकडीवर गेलो होतो. बाबांनी शिट्टी फुंकली, आईला उभं केलं. मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. तर ते जवळ आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "बाई, जरा बाजूला होता का? ही माझ्या मुलीची जागा आहे."

मला वाटलं थट्टा करताहेत. मीही म्हटलं, "कुठे आहे हो सर तुमची मुलगी?"

"येईल. मागे राहिली असेल. नेहमीच मागे राहते, म्हणून तर तिला शेपूट म्हणतो आम्ही." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तुम्हाला कॅमेरा येतो का? काढा की आमचा एक."

मी काढला. काचेतून बघितलं तर आईच्या एका बाजूला तुझी जागा, दुसऱ्या बाजूला माझी आणि तिच्या पलीकडे बाबा. माझ्या जागेतून मागचं झाड दिसत होतं.

डॉक्टरांना दाखवलंय. औषधं चालू आहेत. गेलेलं परत यायचं नाही, आहे ते हळूहळू जाईल, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्याला कळवू नकोस, लांब बसून जीव टांगणीला लागेल, असं आईने मला बजावलंय. फोनवर तुला बाबा खणखणीत वाटतात कारण आई शेजारी बसून सुचवत असते. जेवलास का, पोहायला जातोस का, तब्येत सांभाळ. त्यापुढे ती फोन काढून घेते, तुझ्या लक्षात आलं नाही?

मला ते अहो-जाहो करतात. चहा नेऊन दिला की म्हणतात, "कशाला त्रास घेतलात?" जन्मात त्यांनी मला एवढा मान दिला नव्हता. फार वाईट वाटतं रे, दादा. परवा मुद्दाम कपबशी आपटली, निदान ओरडतील म्हणून. तर खाली वाकून तुकडे गोळा करायला लागले आणि मलाच म्हणाले, लागलं नाही ना?

गेल्या रविवारी पुन्हा तळ्यावर गेलो. थंडी चांगलीच पडलीय, पक्षी आलेत. तो फोटो सोबत पाठवतेय. नीट बघ. यात एकच जागा आहे, तुझी. उजवीकडे बाबा आईला अगदी खेटून उभे आहेत. आईने विचारलं होतं, "अहो, आणि या बाजूची?" तर म्हणाले, "त्या बाजूला कोण असतं?"

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, हसा जरा. दोघंही हसले.

येताना गाडीत बाबा माझ्या शेजारी बसले होते. गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, आईवडील असतात, एक मोठा भाऊ आहे, तो लांब असतो.

"मग फोटोत त्याची जागा सोडत जा," ते म्हणाले. "नाहीतर रांग सरकते. आणि मग आलेल्या माणसाने उभं कुठे राहायचं?"

मी गाडी चालवत होते म्हणून बरं. समोर बघायला निमित्त होतं.

तू पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणालास. उन्हाळ्यावर ढकलू नकोस. टेकडीवरून तळ्यावर येईपर्यंत माझी जागा बुजली, आणि मी तर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असते. तुझी अजून आहे. खरं सांगते, मला तुझा हेवा वाटतो. कदाचित तुलाही ते म्हणतील, जरा बाजूला व्हा, ही माझ्या मुलाची जागा आहे. म्हणाले तर माझ्याजवळ कॅमेऱ्यामागे येऊन उभा राहा आणि तिथून ती बघून घे. पण ती आहे तोवर ये.

हे पत्र लिहिलंय ते आईला माहीत नाही. आलास की स्वेटर अंगात घाल, बाही कशीही असली तरी.

तुझी,
मागे राहिलेली
शेपूट