हात न टेकता

कळवा,
२४ नोव्हेंबर १९९३

प्रिय शालन,

गुळांब्याची बाटली आठवते? पाक सुकून झाकण असं घट्ट बसायचं, की तू ती गुडघ्यांत धरून लालबुंद व्हायचीस आणि शेवटी माझ्यापुढे आणायचीस. मी पदरात धरून एक पीळ दिला की झालं. गेल्या वर्षी गणपतीत मी तशीच बाटली हातात घेतली, आणि तू ती काढून जावईबापूंकडे, विश्रामरावांकडे दिलीस. मलाही तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू!

मग मार्चमध्ये मी मोरीपाशी पडले आणि तू सगळं ठरवूनच टाकलंस. बाबांची आरामखुर्ची खिडकीशी आली, उशा आल्या, काठी आली, वरकामाला रंभा आली. म्हणालीस, आई, तू आता नुसती बस. लेकीनं असं बसवावं याहून भाग्य ते कोणतं? शेजारणींना मी कौतुकानं सांगायचे.

जूनमध्ये महिला मंडळात साठीपुढच्यांची तपासणी होती. आपली मासळीवाली चंद्रभागा मला ओढूनच घेऊन गेली. मला वाटलं, रक्तदाब बघतील. तर डॉक्टरीणबाईंनी पोटरीला टेप लावली, हाताची ताकद मोजायला काटा असलेली एक लोखंडी मूठ दाबायला लावली आणि म्हणाल्या, आता हाताची घडी घालून खुर्चीतून उठा. शालन, मला उठता येईना. मागून चंद्रभागा ओरडली, "काय गो बाय, खुर्चीला डिंक लावलाय काय?" सगळा हॉल हसला. मीही हसले, पण डोळे भरून आले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वर्गात आल्या की बाकाला हात न टेकता ताठ उभं राहायचं, असा आमचा नियम. त्यात माझा पहिला नंबर असायचा!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयानं स्नायू झिजतात आणि बसून राहिलं की जास्तच. पण वेळेत कळलं तर पुष्कळ ताकद परत येते. घरी पाणी कोण देतं, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, सगळं हातात मिळतं. त्यावर त्या म्हणाल्या, मग काकू, पायांना काम काय उरलं?

तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू आणखी एक उशी पाठवली असतीस. तेव्हापासून रोज भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर माझी उठबस चालली आहे. आधी दोन्ही हात टेकून, मग एक. रोज अंडं नाहीतर उसळ, आणि चंद्रभागा निवडून देते ती मासळी. दळण आता मीच आणते. रंभा नुसती सोबत येते आणि वाटभर बडबडते. मागच्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. हाताची घडी घातली आणि उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. बाईंना थांबा म्हणावं लागलं!

रविवारी विश्रामराव मला तुमच्या घरी ठाकुर्लीला कायमचं न्यायला टेम्पो घेऊन येणार आहेत. जरूर येऊ देत, पण मी त्यात बसणार नाही. माझं घर इथेच आहे. आरामखुर्ची तुम्ही न्या, मात्र विश्रामरावांना तिच्यात फार वेळ बसू देऊ नकोस. उशा रंभाच्या. काठी शेजारच्या दामाजींना. त्यांचा पाय मोडलाय, त्यांना तिची खरी गरज आहे. आणि गुळांब्याची शेवटची बाटली तुझी. झाकण मीच लावलंय. निघालं नाही, तर घेऊन ये माझ्याकडे.

तुझीच,
आई