अक्षर द्यायचं, शब्द नाही

१४ जुलै, रविवार
पुरवणी सातला आली, दहा वाजले तरी शब्दकोड्यातला २ उभा तसाच. 'साताच्या पुढचा, मग जखमेची खूण. गेलेलं परत आणते (४).' चहा दोनदा गार झाला. सुमन म्हणाली, क्लासमध्ये पोरांवर ओरडता तसं कोड्यावर ओरडून बघा, घाबरून सुटंल.

शेवटी नांदेडला मुनीरभाईला फोन. रविवारचं त्याचं गादीघर बंद, मागं कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज नव्हता. त्याचं सगळं सोडवून झालेलं. होणारच. "अक्षर देऊ?" म्हटलं, द्या. "ठ." फोन ठेवूनही दिला.

ठ घेऊन बसलो. मग दिसलं. आठ. वण. आठवण! जन्मभर तोंडात असलेला शब्द, आणि त्याच्या पोटात जखमेचा वण आहे हे आज कळलं. चौकटीकडं नुसता बघत राहिलो. ही कोडी घालणारा कोण, कुठला, नाव छापत नाहीत. भेटला तर पाया पडीन.

१६ जुलै
पुतण्याच्या मुलीचं बारसं, अहमदपूर. तिथलं स्टँड दिसलं की हसू येतंच. याच ठिकाणी मुनीरभाई भेटला. मी लातूर-नांदेड गाडीत कोडं मांडीवर घेऊन वैतागलेलो. 'नांदेडला तूर नेताय? मध्येच हे शहर लागेल (३).' चाकूर लिहून बघितलं, कंधार लिहून बघितलं. शेजारचा माणूस कधीचा माझ्या पेपरात डोकावून राहिला होता. अहमदपूरला कापूस बघायला उतरता उतरता म्हणाला, "मास्तर, ला." आणि गेला.

मी मास्तर हे त्याला कसं कळलं? म्हणे बोटाला खडू होता. आणि उत्तर काय, तर लातूर. 'नांदेडला तूर', जसंच्या तसं छापलेलं. लातूरच्या गाडीत बसून लातूरच्या माणसाला लातूर दिसंना.

त्या दिवशी परतीच्या गाडीत परत तोच, लातूरला चाललेला. तेव्हापासून दर रविवारी फोन आणि एकच नेम. अडलं तर अक्षर द्यायचं, शब्द नाही. शब्द सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं जेवणं, असं मुनीरभाई म्हणतो.

२१ जुलै, रविवार
फोन नसरीननं उचलला. त्याची मुलगी. अब्बा गुरुवारपासून दवाखान्यात. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा हलतो. जिवाचा धोका टळला म्हणाली. मग म्हणाली, "काका, पण बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द येत न्हाईत."

त्याचे शब्द! मुनीरभाईचे!

आजचं कोडं उघडलं नाही. घडी घालून फ्रिजवर ठेवलं.

२४ जुलै
क्लासला दांडी मारून नांदेड. खाटेवर केवढासा दिसला. मला ओळखलं, डाव्या हातानं मनगट धरलं, आणि डोळ्यात डोळे घालून म्हणाला, "जहाज."

म्हटलं, काय? परत, "जहाज." रझियाभाभी म्हणाल्या दोन दिवसांपासून हेच चाललंय. भूक लागली, जहाज. पंखा लावा, जहाज. पण माझ्याकडं बघून म्हणाला ते वेगळं होतं. त्याला काहीतरी सांगायचंय मला. नक्की.

२५ जुलै
ज, हा, ज. उलटं वाचलं तरी जहाज. म्हणजे उलटसुलट सारखंच? म्हणजे मी आहे तसाच आहे? का मधला 'हा' महत्त्वाचा? दोन 'ज'च्या मध्ये अडकलेला हा, म्हणजे तो स्वतः? नांदेडला समुद्र नाही, म्हणजे अडकलेलं जहाज? दोन पानं भरली. सुमन वाकून बघून गेली, काही बोलली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर.

संध्याकाळी नसरीनला फोन करून सगळं मांडलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, काका, डॉक्टर म्हणाले असं होतं. कुठला तरी एक शब्द जिभेवर बसतो, तोच येतो. त्याला अर्थ नसतो.

अर्थ नसतो. अर्थ नसलेला शब्द मी सोडवत बसलो होतो. हसलो, मग रडलो, सुमनसमोरच.

४ ऑगस्ट, रविवार
आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवायला पाहिजे.

मुनीरभाई घरी आलाय. दुपारी गेलो. खुर्चीत बसला होता, तोंड लाल. त्याला काहीतरी पाहिजे होतं आणि सगळं घर त्याच्यावर शब्द फेकून राहिलं होतं. पानी? दवा? टीव्ही? पेशाब? लावू का, उठवू का, आणू का? मायेनंच. पण एकेक शब्दाला त्याचा चेहरा मिटत चालला. शेवटी हातातला रिकामा कप फेकला. भिंतीला लागून फुटला.

मी त्या कपाकडं बघत होतो. आणि विचार न करता, रविवारच्या सवयीनं, माझ्या तोंडून गेलं, "चा."

मान वळली. ओठ हलले. "चा... चाय."

मग मी म्हटलं, "पा." "पानी." खिडकीकडं बोट करून, "ख." थांबला, डोळे मिटले. "खिडकी." मग त्याच्या लेकीकडं बोट केलं. "न." याला फार वेळ लागला. कपाळावर घाम. "नसरीन."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. आतनं नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

शब्द गेलेले नाहीत. आत आहेत, सगळेच्या सगळे. पहिलं अक्षर तेवढं त्याला दिसत नाही. वीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवतोय, प्रकाश काय, वीज काय, सगळं फळ्यावर काढून दाखवतो. आज अंगावर काटा आला तो फळ्यावर कसा काढणार?

११ ऑगस्ट, रविवार
बोलणं शिकवायला येतात त्या मॅडमना भेटलो. मोठा शोध लावल्याच्या थाटात सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, पहिलं अक्षर देणं ही आमची नेहमीची पद्धत आहे, पण घरच्यांना धीर धरवत नाही. आणि म्हणाल्या, दर वेळी जमंलच असं नाही.

नाहीच जमलं. भाभींकडं बोट करून "र" दिलं. तो म्हणाला, "रविवार." परत दिलं. "रविवार." त्याला कळत होतं चुकतंय ते. भाभी म्हणाल्या, राहू द्या भाऊ, रविवार तर रविवार, सुट्टीचाच वार आहे की. सगळे हसले, तोही. भाभी हसता हसता उठून गेल्या.

२५ ऑगस्ट, रविवार
आज कोडं घेऊन गेलो. वाचून दाखवलं, 'बारमध्ये जा. भाजी तिथंच मिळते (३).' दुसऱ्यांदा सावकाश. अक्षर द्यायला तोंड उघडलं तर त्यानं डावा हात वर केला, थांबा.

आणि हसला. उत्तराच्या आधी हसला! तेच जुनं हसणं. मग पेपरवर बोट ठेवून बा आणि र यांच्या मध्ये खूण केली. तिथं जा शिरतो. शब्द तोंडात यायच्या आधी त्याला त्याची बांधणी दिसली. मग मी म्हटलं, "बा." "बाजार."

मी काय बघतोय हेच मला कळंना. चहा मागता येत नाही आणि हे येतं. डोक्यात काय काय दडलेलं असतं माणसाच्या.

२२ सप्टेंबर, रविवार
वाईट दिवस. काही म्हणजे काही आलं नाही. पाचवी ओळ, सहावी ओळ, नुसतं "जहाज". किती दिवसांनी परत ते जहाज. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मला बघवंना. आणि मी सांगून टाकलं. पहिलं अक्षर नाही, अख्खा शब्द. वर म्हटलं, असू द्या मुनीरभाई, सोपाच होता.

त्यानं माझ्याकडं बघितलं. पेपर घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडं केलं. मी निघालो तरी वळला नाही.

घरच्यांनी केलं तर माया. मी केलं तर... मला नेम माहीत होता. सगळ्या जगात मला एकट्याला माहीत होता.

६ ऑक्टोबर, रविवार
मागच्या रविवारीही फोनवर आला नाही, आजही नाही. येऊ का विचारलं. नसरीन म्हणाली, अब्बा नक्को म्हणतात. काका, एवढा एक शब्द अक्षर न देता येतो बघा. ती हसली. मला हसू आलं नाही.

कोडं एकट्यानं सोडवलं, पूर्ण. असं वाटलं की सोडवलंच नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
सुमननं शंकरपाळे पाठवले होते, पोचले. नसरीन सांगत होती, मॅडम येतात, वाक्यं जोडायला लागलेत, गिऱ्हाइकाला 'जास्त' आणि 'कमी' म्हणता येतं, गाद्यांना तेवढं पुरतं. पण सकाळी कागद घेऊन बसतात, डाव्या हातानं वेड्यावाकड्या चौकटी काढतात आणि फाडून टाकतात. काय काढतात म्हटलं. दाखवत न्हाईत, म्हणाली.

माझ्याबद्दल काही बोलतात का, हे ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
आठला मोबाईल वाजला. नसरीनचा फोटो. कागदावर तीन चौकटी, वेड्यावाकड्या, आणि खाली रांगत गेलेली अक्षरं:

'पटात हा शिरला, उठा आता (३).'

पेपरातलं नाही. शोधून बघितलं. हे त्याचं आहे, त्यानं घातलेलं! इतकी वर्षं आम्ही दुसऱ्याची कोडी सोडवली, स्वतः घालायची छाती कधी झाली नाही, त्याचीही नाही आणि माझी तर नाहीच. आणि आता, चार महिन्यांपूर्वी जहाजाशिवाय शब्द नव्हता त्या माणसानं. पुन्हा पुन्हा वाचलं. घरभर फिरलो. सुमनला दाखवलं, शेजारच्यांनाही दाखवणार होतो, तिनं अडवलं.

मग सोडवायला बसलो. पट म्हणजे बुद्धिबळ, म्हणून हत्ती, घोडा, उंट सगळे आत शिरवून बघितले. हा म्हणजे कोण? राजा? अकरा वाजले. डोकं बंद.

फोन लावला. नसरीन उचलील वाटलं, तर पलीकडं श्वास. तो स्वतः. मी म्हटलं, मुनीरभाई, अडलो. मग अगदी स्पष्ट:

"ट."

म्हटलं, ट शेवटचा ना? पण मधलं काय? हरलो मी, आता शब्दच सांगा.

"नक्को, मास्तर."

मास्तर! अक्षर कोणी दिलं नव्हतं. मी तरी दिलं नव्हतं. पलीकडनं त्यानं हाक मारली, "रविवार!" आणि भाभींचा आवाज आला, आले, आले. फोन कट.

चार वाजले. ट मांडून बसलोय, पुढं काही सरकत नाही. सुमननं मघाशी विचारलं, सांगितला का शब्द मुनीरभाईनं? म्हटलं, नाही सांगितला. पाया पडलो तरी सांगणार नाही आता.

तिनं चहा ठेवला. म्हणाली, मग रडताय कशाला?