विक्की टेंट हाउसचा उष्ण कटिबंध

जबलपूर,
कोजागिरीनंतरचा सोमवार

ती. सौ. बेबीताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर जेवढी वाकू देते तेवढा, बाकीचा मनातून समजून घे). भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, नागपूरचे डॉक्टर जिने चढू नका म्हणतात तर ऐका, आणि गच्चीवरच्या टाकीत रोज डोकावायचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवा. मैत्रेयीचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय? नातीला बॉटनी फार आवडते असं तू मागे म्हणाली होतीस. तिला माझा निरोप दे की आवड घरातल्या कुंडीपुरती ठेव, विद्यापीठापर्यंत नेऊ नकोस. इकडे सगळं ठीक आहे. अमिताची तब्येत ठीक, घर ठीक, मी तेवढा दसऱ्याच्या आधीपासून रागानं फणफणतोय. अमिता म्हणते, "तुम्ही काहून बीपी वाढवून राहिले? थोडी नोकरी राहिली, चूपचाप काढा न." चूपचाप काढण्याचाच प्रयत्न आहे, म्हणून कुलगुरूंच्या अंगावर धावून न जाता तुला पत्र लिहितोय.

आमचं रेवाखंड विद्यापीठ तू तिलवाऱ्याच्या रस्त्यावरून जाताना पाहिलं आहेस. (कमान मोठी आहे. कमानीच्या मागे जे आहे ते कमानीएवढं नाही.) मी तिथे वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख. बाबा गन कॅरेज फॅक्टरीत चाळीस माणसांचे फोरमन होते आणि त्यांनी कधी मिशीला ताव दिला नाही, तेव्हा मीही प्रमुखपणाचा तोरा मिरवत नाही. विभागात कायम नोकरीवर मी एकटा उरलोय, त्यामुळे प्रमुख व्हायला दुसरं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाकी शिकवतात ते 'अतिथी विद्वान'. तासिकेवर बोलावलेल्या मास्तरांना इकडचं सरकार या नावानं गौरवतं. हे अतिथी सकाळी आमच्याकडे शिकवतात, दुपारी गढा भागातल्या कोचिंग क्लासात शिकवतात, आणि त्यांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून मी कुलसचिवांशी भांडतो. विद्यार्थी कोण, तर मंडला, डिंडोरी, सिवनी, कटंगीकडची पोरं. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलंच माणूस. सकाळच्या बसनं येतात, डब्यात भाकरी आणतात, आणि इंग्रजी पुस्तक हिंदीत लिहून घेऊन मग पाठ करतात. मला त्यांचा राग कधीच येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बाकी सगळ्यांचा येणार आहे.

झालं असं की आमचे कुलगुरू हेमचंद्रजी यांना उन्हाळ्यात एक शोध लागला. कर्कवृत्त जबलपूरच्या थोडं उत्तरेकडून जातं, म्हणजे आपलं विद्यापीठ उष्ण कटिबंधात बसतं! (हे शाळेतल्या नकाशातही आहे. पण भूगोल विभाग त्यांनीच मागच्या साली बंद केला, तेव्हा सांगणार कोण.) शोध लागल्यावर त्यांनी परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाला लिहिलं, जिथे उष्ण प्रदेशांचाच अभ्यास चालतो, की या, आपण करार करू. ते लोक बिचारे सरळ. त्यांनी कळवलं, तीन जण येतो, पण आधी तुमचं अध्यापन, संशोधन आणि विद्यार्थी यांची ओळख लिहून पाठवा. ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी लिहिलं ते खरं लिहिलं, ही माझी पहिली चूक. संशोधनाखाली मी आमच्या विभागामागच्या वावराबद्दल लिहिलं. तिथे हेमलता मरावी नावाची माझी विद्यार्थिनी कोदोवर पीएचडी करते. (कोदो म्हणजे आपला कोद्रा.) पोरगी डिंडोरीकडची. तिनं पायी फिरून गावागावांतून कोदोचे जुने वाण गोळा केले, दोन पावसाळे पेरले, मोजले, आणि हा तिसरा शेवटचा पावसाळा होता. त्यातला एक लालसर दाण्याचा वाण तिच्या मामाच्या गावचा. पावसानं पंधरवडा दडी मारली तरी तो मान टाकत नाही. ज्या एका घरात तो पेरत होते त्या घरात आता हायब्रीड धान लागतं, म्हणजे हा कोदो जगात कुठे उरला असेल तर आमच्या विभागात. ताई, मी तीस वर्षं शिकवतोय. आमच्या विद्यापीठात उष्ण कटिबंधाचं संशोधन म्हणावं असं काही चालू असेल तर ते एवढंच होतं, आणि ते एका मुलीच्या दोन हातांवर चालू होतं.

कुलसचिव चिंतामणीजींनी माझा मजकूर वाचला, सुस्कारा सोडला आणि विद्यार्थ्यांच्या पानावर इंटरनेटवरून काढलेला फोटो लावला. हिरवळीवर बसून लॅपटॉप उघडलेली गोरीगोमटी मुलं हसतायत. आमच्याकडे हिरवळ नाही आणि त्यातलं एकही पोर आमचं नाही. मी विचारलं, हे कोण? ते म्हणाले, हे प्रातिनिधिक आहेत. मग लगेच स्वच्छता सप्ताह जाहीर झाला. त्याचे अध्यक्ष वाणिज्यचे प्राध्यापक (बी आणि दाणे यांच्याशी त्यांचा संबंध फरसाणापुरता). त्यांनी आमच्या विभागातला फ्रिज उघडला, आतल्या कागदी पुड्या बाहेर काढून व्हरांड्यात ठेवायला सांगितल्या, आणि पाहुण्यांसाठी रसमलाईचे डबे आत भरले. मी त्या दिवशी भोपाळला परीक्षेच्या कामावर होतो आणि हेमलता गावी. त्या पुड्यांत तिनं राखून ठेवलेलं बियाणं होतं. परत येऊन बघतो तर पुड्या फाटलेल्या, व्हरांड्यात खारींची पंगत उठून गेलेली, आणि अध्यक्ष मला सांगतात की फ्रिज किती घाण होता म्हणून सांगू. मी त्यांना काय म्हणालो ते या पत्रात लिहिता येणार नाही, कारण तू ते मैत्रेयीला वाचायला देशील.

हेमलता शांत होती. म्हणाली, सर, शेतात उभं आहे, दाणा दुधात आलाय, या महिन्यात पिकेल आणि बियाणं परत मिळेल. माझाही जीव भांड्यात पडला. पडून तिथेच राहिला असता तर बरं झालं असतं.

कारण पाहुणे यायच्या आधी कुलगुरू पाहणीला निघाले आणि विभागामागे येऊन थांबले. त्यांना समोर गुडघाभर गवत दिसलं. (कोदो न ओळखणाऱ्याला तो गवतच दिसतो, हे मी मान्य करतो. पण न ओळखणाऱ्यानं विचारावं, एवढं तरी कुणी मान्य करा.) उष्ण कटिबंध असा उजाड दिसतो का, म्हणाले. उष्ण कटिबंधात ताड-माड पाहिजेत, केळी पाहिजेत, दाट झाडी पाहिजे. मग घमापुरातल्या विक्की टेंट हाउसला फोन गेला. लग्नाच्या स्टेजला उभी करतात ती कुंडीतली पामं, प्लास्टिकची केळी, एक कारंजं आणि बांबूचा झोपडीवजा मंडप असं सगळं एका ट्रकमधून आलं. ट्रकला जागा हवी म्हणून ट्रॅक्टर आला. मी त्या सकाळी वर्गावर होतो, खिडकीतून ट्रॅक्टरचा आवाज ऐकत विद्यार्थ्यांना मुळांची रचना शिकवत होतो, आणि मला वाटलं कुणी रस्ता करतंय. तास संपवून खाली आलो तेव्हा सगळा कोदो आडवा होऊन मातीत गेलेला होता आणि विक्की स्वतः उभा राहून कुंडीतल्या सुपारीच्या झाडाला तारेनं नारळ बांधत होता. मला बघून आदरानं म्हणाला, "दादा, दुल्हन किस साइड बैठेगी?"

त्याच्यावर मी चिडलो नाही. त्याला जे सांगितलं ते तो मन लावून करत होता, आणि विद्यापीठात त्या दिवशी असं करणारा तोच एकटा होता.

आता ऐक, हा माझा राग जिथे अजूनही धगधगतोय तो भाग आहे. हेमलता वावराच्या बांधावर येऊन उभी राहिली. तेवढ्यात चिंतामणीजी हातात कसलासा कागद घेऊन आले. त्यांनी बाकीच्या विद्यार्थ्यांना पाहुण्यांचे दोन दिवस घरी राहायला सांगितलं होतं (इंग्रजीत बोलता येत नाही म्हणून. त्यांच्या जागी एका कोचिंग क्लासची चटपटीत पोरं बसवायची ठरली होती). पण हेमलताला बोलावणं होतं. ते म्हणाले, बेटी, तू डिंडोरीची आहेस न, स्वागताला तुमच्याकडचा करमा नाच करायचाय, डोक्यावर कलश घ्यायचा. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, नाचना मुझे नहीं आता. मुझे कोदो आता है." आणि वाकून मातीत कणसं शोधायला लागली. चिंतामणीजी मला म्हणाले, मुलीला थोडं समजवा. मी समजावलं नाही. मी तिच्याबरोबर खाली बसलो. जी कणसं सापडली त्यांतले दाणे दाबले की पांढरा चीक यायचा. असलं बी उगवत नाही, हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं, तरी आम्ही ऊन उतरेपर्यंत वेचत होतो.

पाहुणे आले. कारंजं उडालं, रसमलाई वाटली, अतिथी विद्वानांना मागच्या दारानं जायला सांगितलं. म्हणजे घरचे अतिथी उपाशी आणि बाहेरचे जेवून तृप्त. कोचिंग क्लासच्या पोरांनी पाहुण्यांना आपली जेईईची तयारी कशी चालली आहे ते अस्खलित इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांतल्या एक बाई वनस्पतिशास्त्राच्या. केस पिकलेले, पायात चिखलाचे बूट. त्यांनी सुपारीला लागलेला नारळ बघितला, तार बघितली आणि सभ्यपणानं नजर वळवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की तुम्ही लिहून पाठवलेला कोदो कुठे आहे, मी तो बघायला आलेय. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात."

बाई एक पाऊल मागे सरल्या. तेवढ्यात कुलगुरू पुढे झाले आणि हसत म्हणाले की जमिनीखालच्या संशोधनाला आम्ही विशेष प्राधान्य देतो. ताई, तुला शपथेवर सांगतो, या वाक्यावर टाळ्या पडल्या. बाकीच्या दोघांनी संध्याकाळी करारावर सह्या केल्या. बाईंनी केली नाही म्हणतात, पण दोन सह्या पुरेशा होत्या. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मागे नारळ स्पष्ट दिसतो. मला 'पाहुण्यांसमोर विद्यापीठाची प्रतिमा मलिन केली' म्हणून कारणे दाखवा नोटीस आली आहे, आणि हेमलताला सांगण्यात आलं आहे की विषय बदला, पामवर काहीतरी करा, आता आपल्याकडे पाम आहेत. (नाहीत. विक्की दुसऱ्याच दिवशी उचलून घेऊन गेला. कुणाचं तरी लग्न होतं.)

नोटिशीला मी उत्तर लिहिलंय. अमितानं ते माझ्या हातून काढून घेऊन कुठेतरी ठेवलंय, बहुधा माझ्या भल्यासाठी. हेमलता रोज येते, विभागात समोरच्या टेबलाशी बसते आणि दोन वर्षांचे आकडे परत परत तपासते. बाकीचे वाण ती पुन्हा गावोगाव फिरून आणेल, आणि मार्गदर्शक म्हणून मी तिची मुदत भांडून वाढवून घेईन, भांडायची मला आता चांगली सवय झाली आहे. पण लाल कोदो पेरणारं घरच कुठे उरलं नाही. त्याच्याशिवाय तिच्या प्रबंधात सांगण्यासारखं फारसं काही राहत नाही. आणि प्रबंध गेला चुलीत, ताई, तो वाणच गेला, त्याचं मला जास्त लागतंय.

भाऊजींना नमस्कार, मैत्रेयीला आशीर्वाद. माझ्या रागाची काळजी करू नकोस, तो मला मानवतो.

तुझा,
दिवाकर

ता. क. गेल्या थंडीत तू नर्मदेवर स्नानाला आली होतीस तेव्हा हेमलता घरी आली होती, आठवतं? तुला शुगर आहे हे ऐकून तिनं दुसऱ्या दिवशी एक कापडी पिशवी आणून दिली होती, भाताऐवजी हे खा म्हणून. तुझ्यासाठी म्हणून तिनं त्यातला सगळ्यात चांगला आणला होता, लालसर दाण्याचा. ती पिशवी बघ. नव्या गोष्टी डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवायच्या आणि विसरून जायचं, या तुझ्या सवयीला आम्ही सगळे जन्मभर हसत आलो. देवा, या एका वेळेला तू तसंच केलेलं असू दे. सालासकट असेल, कुटलेला नसेल, तर पेरायला मूठभरही पुरेल. हात लावू नकोस, मीच घ्यायला येतो.

दुसरी ता. क. हे फोनवर विचारलं असतं. तीन वेळा फोन उचलला आणि खाली ठेवला. हेमलताला मी यातलं अजून काही सांगितलेलं नाही.

तिसरी ता. क. शिजवून खाल्ला असेल तर तुझी चूक नाही, तो खायलाच दिला होता. पण तसं असेल तर फोन करू नकोस, पत्रानंच कळव. विभागात फोन वाजला की ती पोरगी वर माझ्या तोंडाकडे बघते.