जावयाला टाकलेलं कार्ड

पुणे, १२ जानेवारी २००५

ती. दादांस,
प्रेरणाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मागच्या खेपेला तुम्ही भोंगवलीहून तांदूळ घेऊन आलात आणि नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून उंबऱ्यावरूनच एसटी गाठायला पळालात. त्यावर मी तोड काढली आहे. गुरुवारी २७ तारखेला दुपारी कर्वे रस्त्यावरच्या व्हिएतनामी नूडल्सच्या हॉटेलात जेवू. आपल्या भोरची हुमा, माझी वर्गमैत्रीण, तिथं गल्ल्यावर असते. अन्न माझ्या घरचं नाही, म्हणजे तुमचा नियमही मोडत नाही. वाडगाभर रश्श्यात लांबलचक शेवया असतात, मिशा सांभाळा.

एक सांगायचं आहे, ते घरी बोलता येत नाही. तोवर कुणाजवळ काही बोलू नका. उत्तर हुमाच्या पत्त्यावर टाका. उजव्या हाताची दोन बोटं दारात चेंगरली, म्हणून डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षराला हसू नका. माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची,
प्रेरणा

भोंगवली, १८ जानेवारी २००५

चि. सौ. प्रेरणास दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बोटांचं वाचून तुझी आई मलाच बोलली, म्हणे पोरगी बापावर गेली, धांदरट. काय सांगायचं आहे ते आम्ही ओळखलं. तिसरा महिना लागेपर्यंत बोलायचं नसतं, एवढं आम्हालाही कळतं. आई डिंकाचे लाडू वळायला बसलीसुद्धा.

शेवया खाईन, मिशा बुडाल्या तर बुडाल्या. फक्त लग्न झालेल्या लेकीला जावयाला न विचारता परस्पर जेवायला नेणं बरं दिसत नाही. म्हणून आनंदरावांनाही दोन ओळींचं कार्ड टाकलं आहे, जागा आणि वेळ लिहून, आपली परवानगी असावी म्हणून. तेव्हा निश्चिंत ये. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

भोंगवली, ३ फेब्रुवारी २००५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

दवाखान्यात तुझ्यापुढं यायला तोंड नाही, म्हणून लिहितो. हुमा वाचून दाखवील.

तू टेबलाखाली बोटं दाखवलीस. त्यानंच ती दारात धरून दार लावलं म्हणालीस, मला इथून घेऊन चला म्हणालीस. तेवढ्यात तो आला, माझं कार्ड हातात घेऊन. केस धरून तुझं कपाळ दोनदा टेबलावर आपटलं आणि कढत रस्सा तुझ्या मानेवर ओतला. तिथं तुझी शुद्ध गेली. पुढचं तुला ठाऊक नाही.

मी लोखंडी स्टूल उचललं. पहिल्याच घावात त्याचा जबडा मोडला. तो पडला, हात जोडू लागला, तरी मी हाणत राहिलो, गुडघ्यावर, मग तुझी बोटं धरली होती त्याच हातावर. हाड मोडल्याचा आवाज ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. हुमानं कमरेला मिठी मारली. म्हणाली, काका, बास करा, मेला तर तुमीच आत जाल. पोलिसांना सगळं सांगितलं. चार दिवसांनी माझा जामीन झाला.

त्याला बदडल्याचं दुःख नाही. त्याला तुझी वाट मी दाखवली, हे मला जेवू देत नाही.

तुझा अपराधी,
दादा

पुणे, २० फेब्रुवारी २००५

ती. दादांस,
प्रेरणाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

कपाळाचे टाके काढले. मानेची जखम भरत आली आहे. आठ दिवस तुमचा फार राग आला होता, खोटं कशाला लिहू? आई ते डिंकाचे लाडू भरवते. नातवंडासाठी वळलेले, पण हाडं जुळायलाही चांगले म्हणे.

हुमानं तुमचं कार्ड फरशीवरून उचलून ठेवलं होतं. रस्सा सांडून शाई फुटली आहे, तरी आपली परवानगी असावी एवढं वाचता येतं.

हुमाच्या शेजारची खोली मी भाड्यानं घेतली आहे. या घरात जावई नाही, तेव्हा पाणी प्यायला हरकत नसावी. येत्या रविवारी जेवायला या. येणार असाल तर कार्ड टाका, पण या वेळी वर नाव माझं घाला.

तुमची,
प्रेरणा