खडी लागेपर्यंत साफ

४ मार्च
पाटप्रमुख झालो. आता आमच्या पाटाला शिस्त लागणार. बंधाऱ्यापासून शेवटच्या रानापर्यंत पाणी कसं पळवायचं याचा अख्खा प्लॅन डोक्यात तयार आहे. कागदावर उद्या. रोज पहाटे पाटावर पायी फेरी. ठरलं.

५ मार्च
उठलो साडेनऊला. पहिला दिवस, सूट.

११ मार्च
धाकटी बहीण फुएनसान्ता आली. तिचं रान पाटाच्या टेलला, अगदी शेवटी. नवरा गेल्यापासून एकटीच कसते. तिच्यापर्यंत येता येता पाण्याची धार करंगळीएवढी होते. यंदाही मिरची हातची गेली तर रानच सोडावं लागेल म्हणाली. मी म्हटलं, भाऊ पाटप्रमुख असताना? बिनधास्त लाव. अख्खं रान लाव.

१६ मार्च, रविवार
पाटसफाई. रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस, एक फावडं. एरवी लोक वरवरचं गवत खरवडतात आणि अकराच्या सुमारास वाइन उघडतात. यंदा मी जातीने काठावर उभा. काळा चिकट गाळ दिसता कामा नये, खडी लागेपर्यंत उकरा म्हटलं. लिंबाच्या बागेवाला ओनोफ्रे म्हणाला, तो गाळ आजोबांच्या वेळचा आहे. म्हटलं, म्हणूनच! बदल म्हटला की लोकांच्या पोटात दुखतं.
संध्याकाळी पाट चकाचक. फोटो काढला. उभं राहून राहून कंबर गेली.

२ मे
फुएनसान्ताने मिरची लावली. अख्ख्या रानात. माझ्यावर विश्वास आहे पोरीचा.

१४ मे
नदीचं पाणी सोडलं. ओनोफ्रेची लिंबं भिजली, मधली रानं जेमतेम, टेलला थेंब नाही. उघड आहे, चोरी.

१५ मे
बारमध्ये चारचौघांत ओनोफ्रेला चोर म्हटलं. तो कॉफी अर्धी टाकून निघून गेला. म्हणजे तोच.

१८ मे
गस्त. पाण्याबरोबर चालत निघालो. चर्चपर्यंत पोचलो तेव्हा मी पुढे, पाणी मागे. सावलीत बसून वाट पाहिली. आलंच नाही. वाटेत रानांकडे पाणी वळवायचं एकही दार उघडं नव्हतं. चोर भलताच हुशार आहे.

१९ मे
फुएनसान्ता घरून दोन बादल्या भरून घेऊन आली. मला पाटापाशी नेलं आणि एक ओतली. पाणी खडीत गडप. दुसरी ओतली, तीही गडप.
"दादा, तो गाळ पाटाचं अस्तर होता," ती म्हणाली.
मी समजावलं, नवी खडी आहे, एकदा भिजली की आपोआप पाणी धरेल.
"मिरची थांबते का तोवर? तूच विचार तिला."
स्वभावाने उतावळी आहे, लहानपणापासून.

२१ मे
नवा प्लॅन: गाळ परत टाकायचा. चौकशी केली. लोकांनी तो सफाईच्या दिवशीच आपापल्या परसातल्या टोमॅटोला खत म्हणून नेला. टोमॅटो झकास आलेत. एक पिशवी मलाही मिळाली.

२ जून
नदीच्या ऑफिसातून फोन. वर धरणात पाणी नाही, या हंगामात पुन्हा सोडणार नाही. म्हणजे आता दोष हवामानाचा. हायसं वाटलं.
संध्याकाळी फुएनसान्ताच्या रानात गेलो. रोपं पिवळी पडून माना टाकून होती. ती बांधावर बसली होती. मीही बसलो. फार वाईट वाटलं. प्लॅन एकही सुचला नाही.

२७ जून
वार्षिक सभा. इस्त्रीचा शर्ट. पुढचा पाटप्रमुख कोण, यावर ओनोफ्रेनेच माझं नाव पुढे केलं. म्हणाला, पाणीच नाही तर एव्हारिस्तो आणखी काय बिघडवणार? सगळे हसले. सगळे हात वर. एकमताने निवड!
भाषण खिशात होतं. सुरू करण्याआधी फुएनसान्ता कुठे दिसते का पाहिलं. शेजारच्याला विचारलं, ती का नाही आली?
तो म्हणाला, "सभेला रान कसणारेच येतात ना."
भाषण केलं नाही.