तांदळात लिहिलेलं नाव

मच्छे,
गुरुवार, १२ जून

सौ. वहिनींना युवराजचा नमस्कार.

तुमच्या आईच्या पायाचं प्लास्टर कधी काढणार, ते तुमच्या गावचे मष्णूमामा नीट सांगत नाहीत. ‘काढतील की’ एवढंच म्हणतात. इकडं ठीक आहे. आमच्या आईचा गुडघा आहे तसाच आहे. तुम्ही माहेरी गेल्यापासून अण्णा कारखान्याचा डबा स्वतःच भरतो. परवा भाकरी बांधून घेतली आणि भाजी गॅसवरच विसरून गेला. दुपारी फोन करून शिव्या मात्र मला, धाकट्या भावाला : “तुला दिसली न्हाय व्हय रं?”

मी खडेबाजारातल्या त्याच दुकानात आहे. झेरॉक्स, फोटो, लोकांचे ऑनलाइन फॉर्म. आत्ता करंट गेलाय, गिऱ्हाईक नाही, म्हणून पाठकोऱ्या कागदांवर लिहितोय. अक्षर समजून घ्या.

मष्णूमामा शनिवारी कारखान्यातून सुटले की तुमच्याकडं गावी येतील. हे पाकीट त्यांच्या हाती देतोय. आत पत्राबरोबर एक स्टॅम्प पेपर आहे. अंगणवाडीच्या नोकरीचा तुमचा अर्ज नावं जुळत नाहीत म्हणून परत आला ना? मार्कांच्या कार्डावर नागुबाई, आधारवर नागुबाई आणि आमच्या रेशन कार्डावर सौम्या. पुढच्या शुक्रवारी शेवटची तारीख आहे. अण्णा मला म्हणाला, “एकदाचं सगळीकडं सौम्या करून टाक. वकिलाकडनं कागद कर, तिची सही आण.” कागद तयार आहे. तुम्ही सही केली की नागुबाई हे नाव सगळीकडून जाणार. आधारवरूनसुद्धा.

वहिनी, सही करू नका. म्हणजे हे पत्र वाचून होईपर्यंत तरी करू नका. नंतर तुमची मर्जी.

फोनवर सांगता आलं असतं म्हणाल. चार वेळा लावला. तुम्ही “काय ओ भावजी?” म्हटलं की मी “काय न्हाय, पाय कसा हाय विचारायला केलतो” म्हणून ठेवून दिला. पाचव्यांदा तुम्हीच म्हणालात, “आईच्या पायाची तुम्हालाच लई काळजी लागलीया.” तुम्ही हसत होता. मी परत पायाचंच विचारलं.

गेल्या महिन्यात दुकानात मतदारयादीच्या दुरुस्तीचं काम आलं होतं. तुमच्या गावची यादी मीच मागून घेतली आणि नागुबाई शोधत बसलो. सत्तरच्या वर नऊ जणी निघाल्या, एकीचं वय ब्याण्णव. पन्नाशी-साठीत तिघी. त्याच्याखाली नाव वेष बदलतं. नागवेणी होते, नागरत्ना होते. कानडी शाळेत मास्तरांनी लिहिलं असेल, नाहीतर आईबापांनाच जुनं नको झालं असेल. तिशीच्या आत एकपण नाही. एक होती. ती लग्न होऊन आमच्या घरी आली.

दुकानात येळ्ळूरच्या एक नागुबाई पेन्शनचा फॉर्म भरायला येतात. त्यांना विचारलं, आजी, तुमचं नाव असं कसं? म्हणाल्या, “पंचमीला झाले. आमच्या येळंला पंचमीला झाली की नागू, आधीची पोरं जगली न्हाईत की धोंडू. नाव शोधत बसायला कुणाला येळ हुता? आन तुझं रं? युवराज? कुठलं राज्य हाय बाबा तुझं, ह्यो झेरॉक्सचा डबा?” सगळं दुकान हसलं. मला तेव्हापण राग आला, पण फॉर्म भरत राहिलो. आजकाल एवढं जमतं.

मग सौम्यापण मोजल्या. आपल्या भागाच्या यादीत चाळिशीच्या वर एकही नाही. वीस ते पस्तीसच्या मध्ये अकरा. आणि ह्या जूनला शाळेच्या अ‍ॅडमिशनचे दीडशे तरी फॉर्म भरले असतील, त्यात सौम्या नावालाही नाही. सगळ्या आराध्या, अन्वी, तेजस्वी. म्हणजे मी ज्याला नव्यातलं नवं नाव म्हणून मिरवत होतो, तेही जुनं व्हायला लागलंय.

मीच मिरवत होतो. हो. ते नाव मी सुचवलं होतं. अण्णाला असलं कुठलं सुचायला? म्हशीला चौदा वर्षं ‘म्हस’ म्हणून हाक मारणारा माणूस तो.

रेशन कार्डाच्या फॉर्मवर सौम्या घातलं तेही मीच. तुम्हाला विचारलं नव्हतं.

आता पुढचं. सौम्या नावाची मुलगी होती. माझ्या वर्गात, बी.कॉम.ला. निपाणीकडची, जैनांची. घरी कानडी बोलायचे, मराठी बोलताना तिचा सूर शेवटी वर जायचा. दीड वर्ष मी तिच्या मागंपुढं होतो. बस स्टँडपर्यंत सोडायला जायचो, म्हणजे दहा पावलं अंतर ठेवून. एकदा ती वर्गातल्या जिनेंद्रबरोबर कँटीनमध्ये बसलेली दिसली. दोघं अकाउंटचा अभ्यास करत होते, हे मला नंतर कळलं. मी बाहेर जाऊन जिनेंद्रची गाडी आडवी पाडली, त्याची कॉलर धरली, सगळ्या कॉलेजसमोर. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी लिहून दे. मी म्हटलं, देत नाही.

सौम्या ऑफिसच्या बाहेर उभी होती. ओरडली नाही. म्हणाली, “युवराज, माझं नाव सोडून माझ्याबद्दल तुला काय ठाऊक आहे? माझ्या घरी कोण कोण आहे सांग. मला काय आवडतं सांग.” मी ‘निपाणी’ एवढंच म्हटलं. “मला तुझी भीती वाटते,” म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेलो नाही. घरी सांगितलं, अभ्यास झेपत नाही. आई रडली. अण्णा एवढंच म्हणाला, “बघ बाबा. मला कुणी शिक म्हणालं न्हाय, तुला मी म्हणालतो.”

त्यानंतर आठच दिवसांनी तुमचा फोन आला.

तुम्हाला आठवत असणार. साखरपुडा झाला होता, लग्नाला तीन आठवडे होते. तुम्ही म्हणालात, “भावजी, त्यांच्याशी बोलायला लाज वाटती, तुम्हीच सांगा. लग्नात माझं नाव बदलू नका म्हणावं. शेत दादाला गेलं, घर धाकट्याला. आप्पांचं माझ्या वाट्याला एवढं नावच आलंय. त्यांच्या आईचं नाव हाय ते, त्यांनी हौसेनं ठेवलंय.” मी काय म्हटलं तेही आठवत असेल. “एवढंच व्हय? सांगतो की. काळजीच करू नका.”

तुम्हाला आजवर वाटत आलंय, मी सांगितलं आणि अण्णानं ऐकलं नाही.

मी सांगितलंच नाही, वहिनी.

त्याच दिवशी संध्याकाळी अण्णा गोठ्यात वैरण टाकत होता. आपणहून म्हणाला, “नागूच राहू दे का रं तिचं नाव? मला बरं वाटतंय. घरचं वाटतंय.” पाठ माझ्याकडं होती, कान लाल झाले होते. त्या वेळी मी नुसता गप्प बसलो असतो तरी झालं असतं. मी म्हटलं, “छ्या! वहिनीलाच नको हाय ते. मला फोन केलती. मैत्रिणी हसतात म्हणाली. तिला सौम्या आवडतंय, पण तुला सांगायला लाजती.” अण्णा थोडा वेळ पेंढीच सोडत बसला. मग म्हणाला, “तिला आवडतंय तर तसं. तिचं नाव हाय.”

का केलं, ह्याला माझ्याकडं चांगलं कारण नाही. जिनं मला नाव सोडून काय ठाऊक आहे म्हणून विचारलं, तिचं नाव तरी माझ्या घरात असावं, रोज कुणीतरी हाक मारावी आणि कुणीतरी ओ द्यावी, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्याचं आयुष्य मध्ये येतंय हे दिसलंच नाही. पहिल्या पहिल्यांदा मी उगाच हाका मारायचो. सौम्यावहिनी, पाणी. सौम्यावहिनी, माझा चार्जर बघितलासा? तुम्ही यायच्या. दर वेळी एक क्षण उशिरा यायच्या, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत असं वाटून थांबल्यासारख्या. तो एक क्षण मला दिसायला लागला तेव्हा मी नाव घ्यायचं सोडलं. दोन वर्षं झाली, नुसतं वहिनी म्हणतो.

लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, अण्णानं अंगठीनं नाव लिहिलं. त्याचं अक्षर ते तसलं, बायका म्हणाल्या, वाच बाई मोठ्यानं. तुम्ही वाचलंत. आणि अण्णाकडं न बघता सरळ माझ्याकडं बघितलंत. मी पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि फोटोग्राफरला जेवलास का म्हणून विचारायला मांडवाबाहेर गेलो. त्याचं जेवण कधीच झालं होतं.

त्यानंतरचं मी घरात राहून बघितलंय. अण्णानं काही विचारलं की तुमचं “हं”, नाहीतर “न्हाय”. पहिल्या दिवाळीत तुम्ही स्वयंपाकघरात म्हणालात, “तुम्हाला माझं काहीच ठेवायचं नव्हतं.” अण्णाला कळलं नाही. त्याला वाटलं, माहेरच्या भांड्यांचं बोलताय. दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरची तुमची सगळी भांडी काढून घासून मांडली. तुम्ही बघून आत गेलात. मी कॉटवर मोबाइल बघत पडलो होतो आणि सगळं मला कळत होतं.

कधी कधी माझं डोकं तुमच्यावरच फिरायचं. एकदा तरी तोंड उघडून अण्णाला विचारायचं की ओ! तीन वर्षं कशाला मनात धरून बसायचं? हे लिहिलं आणि लाज वाटली. खोडत नाही. तुम्ही विचारलं होतं. लग्नाआधीच, माझ्या तोंडून विचारलं होतं.

करंट आला. दुकानात माणसं उभी आहेत. अण्णाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिलं, कारण कागद सोपा असतो. उद्या त्याला सांगितल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही.


शुक्रवार, १३ जून

सांगितलं.

घरी आईसमोर नको म्हणून दुपारी कारखान्याच्या गेटवर गेलो. बाहेर चिंचेच्या सावलीत अण्णा डबा उघडून बसला होता. “काय रं, दुकानातनं हाकललं काय?” म्हणाला. मी उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. कॉलेजचं, सौम्याचं, तुमच्या फोनचं, मी गोठ्यात काय खोटं बोललो त्याचं.

मला वाटलं होतं, मारेल. खरं सांगतो, मारावं असंच वाटत होतं. मार खाल्ला की फिटल्यासारखं झालं असतं. त्यानं हात पुसला आणि विचारलं, “ती फोनवर काय म्हणालती?”

मी सांगितलं.

“तसं न्हाय. तिच्या शब्दात सांग.”

शेत दादाला, घर धाकट्याला, आप्पांचं एवढं नावच. परत सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा सांगितलं. प्रत्येक वेळी तो मान हलवायचा, जसं काही पाठ करतोय. मग म्हणाला, “म्हंजे दिवाळीत ती भांड्यांचं बोलत नव्हती.”

मी म्हटलं, नव्हती.

“आन मी मूर्खासारखी घासत बसलो.” थोडं हसला, वहिनी. ते हसणं ऐकण्यापेक्षा दोन कानाखाली बसलेल्या बऱ्या होत्या. भोंगा झाला. अर्धी भाकरी तशीच फडक्यात बांधून उठला. मी म्हटलं, अण्णा, वकिलाचा कागद फाडून टाकू का? तेव्हा मात्र आवाज चढला. “तू काय फाडायचं न्हाय आन काय लिवायचं न्हाय! तिच्या नावाचं तूच ठरवलंस, आता परत तूच ठरवणार? कागद जाऊ दे तिच्याकडं. तिला काय पायजे ते ती सांगंल.”

म्हणून कागद आत आहे. तुम्हाला तीन वर्षांत सौम्याची सवय झाली असेल, तेच बरं वाटत असेल, तर सही करा. कुणी विचारणार नाही. नागुबाई ठेवायचं असेल तर रेशन कार्डावर दुरुस्ती होते, मी चौकशी केली आहे, पुढच्या शुक्रवारच्या आत होईल. रांगेत मी उभा राहीन. फॉर्म मात्र तुम्ही तुमच्या हातानं भरायचा.

कॉलेजचंही आईला सांगणार आहे. सौम्या पुण्याला नोकरीला आहे असं ऐकतो. तिची अजून आठवण येते, खोटं कशाला सांगू? पण तिच्या घरी कोण कोण आहे, हे मला आजही माहीत नाही. तुमच्या घरचे सगळे मला माहीत आहेत, आणि तरी मी असं केलं.

अण्णा रविवारी सकाळच्या बसनं एकटा येतोय. काय बोलायचं ते त्याला सुचत नाही. आज कारखान्यातून आल्यापासून गोठ्यात उभा राहून म्हशीसमोर काहीतरी पुटपुटतो आणि मी दिसलो की गप्प होतो. तो तुमच्या दारात नुसता उभा राहिला तर त्याला आत घ्या. त्याच्यावर तीन वर्षं जो राग धरलात, तो त्याचा नव्हता. तो माझ्या नावावर करा, आणि वाटेल तेवढा ठेवा. परत कधी भावजी म्हणाला नाहीत तरी मी समजेन.

तुमचा निरोप आज दुपारी अण्णापर्यंत पोचवला आहे. तीन वर्षं माझ्यापाशीच होता.

युवराज