डबा थोरल्या बहिणीस

मी, खाली सही करणारी, वय तेहतीस, अविवाहित, तळ्याकाठच्या या नगरपालिकेत पाणीपातळी विभागाची अभियंता, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. सांगणारी एकच व्यक्ती असू शकते, माझी थोरली बहीण. ती नगराध्यक्ष आहे आणि आत्ता बैठकीत आहे.

कारण असे की येत्या गुरुवारी माझ्या कानामागची गाठ काढणार आहेत. शंभरातील सत्त्याण्णव शस्त्रक्रिया सुरळीत होतात, असे डॉक्टरांनी सांगितले. उरलेल्या तिघांनी कागदपत्रे पूर्ण केली होती का, हे मी विचारले. त्यांना माहीत नव्हते.

१. घर. आमचे वडील अप्पा यांच्या घराचा वरचा मजला माझ्या नावावर आहे. तो माझ्या भाचीस, म्हणजे ताईच्या मुलीस द्यावा. खालचा मजला ताईचाच आहे. तळ्याला लागून नवे घर बांधल्यापासून ती इथे फक्त जुने पडदे आणि कपाटे ठेवते. लहानपणी तळ्याकडची खोली तिची होती आणि रस्त्याकडची माझी. ती गेल्यावर मी तळ्याकडच्या खोलीत आले. अजूनही लोक खालून हाक मारतात, "ताई आहेत का?"

२. बँकेतील ठेव भाचीच्या शिक्षणासाठी.

३. पातळी मोजायची अप्पांची दुर्बीण, तिपाईसह, भाचीस. ताईला ती नगरपालिकेच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवायची आहे, खाली तिच्या नावाची पाटी लावून. तसे होऊ देऊ नये. दुर्बीण वापरात राहावी.

४. अंगणातील गाडीची शेड होडीवाल्या काकांस, होड्या दुरुस्त करण्यासाठी, तहहयात. त्यांची काठावरची शेड ताईने पाडायला लावली, कारण ती पूररेषेच्या एक मीटर आत होती. मी तिथे हातात नकाशा घेऊन उभी होते. काका म्हणाले, "अहो ताई, तुमची रेषा माझ्या शेडीतून जाते आणि तुमच्या बैठकीच्या खोलीपाशी आली की वळसा घालते, हे कसं काय?" ताई म्हणाली, "काका, मोजणी आहे, मर्जी नाही." सगळे तिच्याकडे बघत होते. वाक्य चांगले होते. मला सुचले नसते.

५. भावजींना काही नाही. ते वास्तुविशारद आहेत. पहिल्यांदा आले ते प्लॉटच्या पातळ्या विचारायला, माझ्याकडे. चार महिने माझ्याच टेबलाशी बसून चहा घेतला. पाचव्या महिन्यात ताई मला न्यायला कार्यालयात आली. याबद्दल माझी तक्रार नाही, नोंद आहे.

६. ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा, झाकणासह उंची सात सेंटिमीटर, थोरल्या बहिणीस. याचा खुलासा आवश्यक आहे.

अप्पा याच नगरपालिकेत मोजणीदार होते. मी दहा वर्षांची आणि ताई तेरा वर्षांची असताना त्यांनी तळ्यात पातळीची पट्टी बसवली. नगरपालिकेच्या पायरीत एक पितळी खूण आहे, तिची उंची कायमची ठरलेली. त्या खुणेवर मोजणीची दुसरी, उभी पट्टी धरायची, दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि त्यावरून तळ्यातल्या पट्टीचा शून्य ठरवायचा, असे ते काम. दुर्बीण ताईच्या वाट्याला आली. खुणेवर पट्टी धरायला मला उभे केले.

त्या दुर्बिणीतून सगळे उलटे दिसे. ताई ओरडली, "अप्पा, ही डोक्यावर उभी आहे, अगदी वटवाघूळ!" अप्पा हसले. त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. ते नोंदवहीत डोके घालून होते आणि डोळा पुसायला तिने मान वळवली होती, तेवढ्यात मी माझा डबा खुणेवर ठेवला आणि त्यावर पट्टी उभी केली. तिचा आकडा चुकावा, अप्पांनी स्वतः वाचून बघावे आणि तिला ओरडावे, इतकाच हेतू होता.

अप्पांनी वाचून बघितले नाही. "शाब्बास" म्हणाले आणि आकडा शाईने लिहिला. मला वाटले होते, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतील. मग मी गप्प राहिले, नंतर विसरले. हे विसरणे मी कितपत खरे मानते, ते विचारू नये.

त्या आकड्यावरून पूररेषा आखली गेली. तीन वर्षांपूर्वी मी नव्या यंत्राने सगळी मोजणी परत केली. रेषा खऱ्या उंचीपेक्षा सात सेंटिमीटर खाली आहे. आपला काठ इतका सपाट आहे की सात सेंटिमीटर खाली म्हणजे साडेतीन मीटर पाण्याकडे. घरी येऊन मी माळ्यावरून डबा काढला आणि मोजला.

खरी रेषा आखली तर काठावरची चौदा घरे तिच्या आत येतात. त्यात ताईची बैठकीची खोली आणि तिच्या शेजारची भाचीची खोली आहे. हे मी तीन वर्षे जवळ ठेवले. "तेराव्या वर्षी मी हे तळं मोजलं" असे ताई प्रत्येक सभेत म्हणाली, आणि प्रत्येक सभेत मी शेवटच्या रांगेत बसून मनात म्हणाले, आता सांगू का? सांगितले असते तर गंमत संपली असती. इतके स्पष्ट लिहिणे मला सोपे गेलेले नाही.

गेल्या वर्षी पाणी भाचीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले. तिने खडूने रेघ मारली आणि मला फोन केला, "मावशी, तुझ्या पूररेषेपेक्षा माझी रेघ वर आहे गं." त्या दिवसापासून गंमत राहिलेली नाही.

येत्या शुक्रवारी विकास आराखड्याची सुनावणी आहे. जुनी रेषा मंजूर झाली की पुढची वीस वर्षे तीच. शुक्रवारी मी बेशुद्ध असेन किंवा नसेन. म्हणून हे कलम माझ्या मृत्यूसाठी थांबणार नाही. त्याची प्रत मोजणीच्या तक्त्यांसह आज सकाळी नगरपालिकेच्या आवक खिडकीवर दिली आहे. आवक कारकुनाने शिक्का मारला, दोन ओळी वाचल्या आणि विचारले, "मॅडम, अध्यक्षांना फोन करू का?" मी म्हटले, "आधी आवक नंबर घाला." मग मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्याचीच सही घेतली.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी.

ताई आली. हातात प्रत होती. चपला न काढता बसली.

"आकडा बरोबर आहे?"

"दोनदा तपासलाय."

"मला ओरडा बसावा म्हणून केलंस?"

"हो."

"आणि बसला नाही."

"नाही."

तिने टेबलावरचा डबा उचलून झाकण लावून पाहिले. मग म्हणाली, "त्या दिवशी पट्टी मलाच धरायची होती, माहितीये? मी हट्ट केला. अप्पा म्हणाले, बघायचं काम कुणीही करेल, पट्टीला धाकटीच हवी. ती हलत नाही."

हे मला कोणी सांगितले नव्हते. तेवीस वर्षांत नाही.

"शुक्रवारी मी वाचून दाखवते," ती म्हणाली. "पहिली खोली माझी पाडायची, मग बाकीच्यांच्या नोटिसा. काकांना तोंड कसं दाखवायचं ते बघू. तुझ्या भावजींना तू सांग."

"मी का? तुझा नवरा आहे."

"चार महिने चहा तू पाजलास."

मग तिने साक्षीदाराच्या जागी सही करायला पेन मागितले. अप्पांचे पेन तिच्याच पर्समध्ये निघाले. मी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी बजावले आहे. डबा मिळणार नाही.

"डबा तूच ने दवाखान्यात," ती म्हणाली. "आणि परत आण."

कलम ६ मधील डब्याची देणगी त्यामुळे रद्द समजावी. बाकी कलमे कायम.

ठिकाण: राहते घर, तळ्याकडची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा सोमवार.

लिहून ठेवणार: सही
साक्षीदार १: नगरपालिकेचा आवक कारकून, सही
साक्षीदार २: थोरली बहीण, सही

दुसऱ्या साक्षीदाराची सही माझ्या सहीच्या दुप्पट मोठी आहे. मोजली.